खिशात सरकी ठेवणारे साहेब

सकाळचा भोंगा व्हायच्या आधीच ते फाटकात येऊन उभे राहत. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात काळा कोट. एक हात सायकलवर, दुसरा कोटाच्या खिशात. आणि आत येणाऱ्या एकेका बाईला एकच प्रश्न, "आज काय ठरवलं, माय?"

नवी बाई असली की बावचळून जायची. जिनात मजुरीला आलेल्या बाईनं काय ठरवायचं असतं? ठरवायला शेठ आहे, ओरडायला मुकादम आहे, आपण खाली मान घालून कापूस सारायचा, बस. एका पोरीनं तर फणकाऱ्यानं सांगितलं होतं, "घरी जायाचं ठरवलं!" साहेब गंभीरपणे म्हणाले, "बेस केलं. पण घरी जायच्या आंदी काय?" पोरगी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग म्हणाली, "तो खिडकीजवळचा ढीग संपवतो." "बरं," म्हणून साहेब पुढच्या बाईकडे वळले. आणखी थोडं कर, असं ते कधी कोणाला म्हणाले नाहीत. एवढंच का, असंही नाही.

खामगावातल्या एका जिनाचे ते मॅनेजर, आणि मी तिथे बायांची हजेरी घेणारी. जिन म्हणजे काय, हे आता आमच्या घरातल्या पोरांनाही समजावून सांगावं लागतं. कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना तो. लांबच लांब शेड, तिच्यात ओळीनं रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, लावलेले. एकेका रेच्यावर एकेक बाई बसणार, हातानं कापूस रुळांत सारणार. रुई पलीकडच्या बाजूला पडणार, सरकी खाली. दिवसभर नुसता धडधडाट आणि नाकातोंडात तंतू. महाराष्ट्र नुकताच झाला होता. ऑफिसातले छापील कागद अजून जुन्याच राज्याच्या नावाचे होते, आणि ते संपेपर्यंत दुसरे मागवायचे नाहीत, असा मुनीमजींचा हट्ट होता. मी सातवी फायनल पास झालेली, वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातली पोट्टी. अक्षर बरं आणि जीभ तिखट, एवढ्या भांडवलावर मला ही नोकरी लागली होती.

संध्याकाळी सुटताना साहेबांचा दुसरा प्रश्न असे. "झालं का?" झालं म्हटलं की ते मान डोलवत. नाही म्हटलं की खरी गंमत. रागावणं नाही, मुकादमाकडे पाहणं नाही. ते तळहात पुढे करत नि विचारत, "काय आडवं आलं?" मग जे आडवं आलं असेल ते सांगायचं आणि एक सरकी त्यांच्या हातावर ठेवायची. पट्टा सैल होता, पिण्याचं पाणी दुपारीच संपलं, ढिगात ओला कापूस निघाला, तान्हं पोर रडत होतं. ती सरकी कोटाच्या खिशात जाई. अडचण मिटली की साहेब त्या बाईसमोर जाऊन खिशातली एक सरकी काढून फेकून देत. कोणाची कोणती हे त्यांना कसं लक्षात राही, देव जाणे. पोरं रडतात म्हणून त्यांनी विहिरीजवळ एक झोपडी बांधून घेतली, पोरांवर लक्ष ठेवायला एक म्हातारी नेमली, आणि त्या दिवशी शेडमधून फिरत मूठमूठ सरकी उधळली. एखाद्या लग्नातल्या वऱ्हाड्यासारखे खूश होते.

खिसा फुगलेला दिसला की आम्ही समजायचं, साहेब आज चिडके असणार. पण चिडत ते स्वतःवर. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "लोकायच्या अंगणात तुळस असते बाई, आमच्या अंगणात कपाशी. ह्यायचा कोट झटकला का उगवली!"

माणूस विक्षिप्तच होता, त्यात खोटं काय सांगायचं? सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. तिला हाताशी धरून चालत जायचे. कारण विचारलं तर म्हणत, "सायकलवर बसलं का मानसं मांगं पडतात. बोलायचं कोनासंगं?" ऑफिसातली त्यांची खुर्ची रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवरच्या मिस्त्रीकडे गेली होती, कारण त्याची कंबर दुखायची. साहेब कापसाच्या बोऱ्यावर बसून सह्या करत. इंजिनाला 'बुढी' म्हणत आणि रोज एकदा तिच्याजवळ उभं राहून "काय म्हनते बुढे?" असं खरोखर विचारत. आणि प्रश्न! बाप रे, त्यांचे प्रश्न! मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुले काय व्हायचं हाय?" मी म्हटलं, "माहं लग्न व्हायचं हाय, दुसरं काय!" ते म्हणाले, "ते तं होईनच बापा. तुले काय व्हायचं ते सांग." मला इतका राग आला की विचारू नका. घरी जाऊन मी आईवर खेकसले. रात्रभर मात्र तोच प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला. पुढे मी मास्तरीण झाले, त्याचं बी त्या दिवशी पडलं की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्याआधी मला असं कोणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

एक जाड इंग्रजी पुस्तक त्यांच्याजवळ होतं. कामगारांकडून काम कसं करून घ्यावं, याविषयी कोण्या परदेशी साहेबानं लिहिलेलं. दुपारी ते बोऱ्यावर बसून वाचत नि मोठ्यानं भांडत. "हा म्हनते, मानूस पैशासाठीच काम करते. अरे बापा, पैसा तं पाह्यजेच! पोटाले काय दगड बांधायचे? पन पैसा देल्यावर मंग काय, ते सांग ना!" एकदा मी वैतागून म्हटलं, पटत नाही तर वाचता कशाला? तर म्हणाले, "तो चुकते कोठी, ते सापडलं पाह्यजे. बैलाले तुतारी टोचली का बैल चालते. पन तो तुतारीपासून पळून राह्यला असते, वावराकडे जाऊन नाही राह्यला. या गोऱ्याले एवढा फरक समजत नाही." तुतारी म्हणजे आमच्याकडे बैल हाकायची टोकदार काठी.

आमचा चौकीदार दिवसाही झोपायचा. दोन मॅनेजर त्याच्यापुढे हात टेकून गेले होते. साहेबांनी त्याला रागावण्याऐवजी विचारलं, "तुले जागं राहावं वाटते असं काय हाय?" तो बिचारा विचार करून करून थकला. शेवटी म्हणाला, गावाकडे असताना मी मेथी लावायचो. साहेबांनी फाटकाजवळचा तुकडा त्याला दिला आणि बी माझ्या बापाकडून आणवलं. मेथी वर आली मात्र, आणि खामगावातल्या सगळ्या बकऱ्यांना आमच्या फाटकाचा पत्ता लागला. त्यानंतर तो गडी झोपला असेल तर शपथ! मुनीमजी म्हणायचे, हा जिन आहे की भाजीबाजार? पण महिन्यातून दोनदा तीच मेथी ते पिशवीत घालून घरी न्यायचे.

आता छोट्या शेठविषयी.

मोठ्या शेठचा मुलगा मुंबईहून काहीतरी शिकून आला होता. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हुशार, निर्व्यसनी, आणि बापाचा धंदा वाढवावा ही तळमळ. पण कापूस हातात न धरता कारखाना सुधारायला निघालेला. आल्या आल्या त्यानं शेडच्या दारात एक मोठा काळा फळा लावला. दर शनिवारी प्रत्येक रेच्याची दिवसभराची रुई वेगळी वजन करायची नि ओळीनं नावं फळ्यावर लिहायची. पहिली येईल तिला नवं लुगडं. शेवटची येईल तिनं सोमवारपासून कामावर येऊ नये. 'रेच्यावर बसेल त्याला हा नियम लागू', असं वरच्या बाजूला माझ्याकडूनच लिहून घेतलं.

साहेब त्याच्याशी दिवसभर भांडले. "अहो शेठ, ओळीत उभं केलं की शेवटी कोणीतरी राहणारच. सगळ्या देवाच्या घरून चपळ होऊन आल्या तरी एक शेवटची असणारच." शेठसमोर ते शुद्ध बोलत. छोटा शेठ म्हणाला, "तेच तर! म्हणून सगळ्या पळतील."

पळाल्या ना! पहिल्या शनिवारी शेडमध्ये जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कोरडा, स्वच्छ कापूस भरभर सरकतो, म्हणून बायांनी पहाटेच येऊन चांगला कापूस आपापल्या बुडाखाली दडवला. जन्माच्या मैत्रिणी एकमेकींच्या झिंज्या धरायला उठल्या. कचरा वेचायला कोणी थांबेना. घाईनं सारल्यामुळे सरकी फुटून रुईत गेली. गोदावरी पहिली आली. ती चपळच होती, गर्विष्ठही होती. लुगडं काखोटीला मारून ती कोणाशी न बोलता निघून गेली. आणि शेवटची आली सुभद्रा.

सुभद्राच्या उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर नव्हतं. काही वर्षांमागे ह्याच जिनात, ह्याच रेच्याच्या रुळात गेलेलं. नवरा दम्यानं अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या हातांवर चाले. ती रडली नाही. आपला डबा उचलला, पोरीला झोपडीतून घेतलं नि फाटकातून निघाली. साहेब तिथंच उभे होते. फळ्यावर तिचं नाव मीच लिहिलं होतं, माझ्या बऱ्या अक्षरात. त्या अक्षराची मला किळस आली.

आठवडाभर साहेबांनी मोठ्या शेठचे उंबरे झिजवले. मोठे शेठ म्हणाले, पोराला एक हंगाम करू द्या. सुभद्राचा रेचा रिकामाच होता.

दुसऱ्या शनिवारी भोंगा झाला, बाया बसल्या, आणि साहेब शेडमध्ये शिरून सुभद्राच्या रेच्यावर जाऊन बसले. कोटासकट. मी धावत गेले. म्हटलं, "सायेब, हे काय करून राह्यले?"

"शेवटचं कोनीतरी राहनारच ना बाई. मंग मी राहतो."

"अन् नोकरी गेली तं? घरच्यायनं काय खायाचं? राहता ते घरही जिनाचंच ना?"

"इचारलं मी तिले. ती म्हने, बसा."

आता अशा नवराबायकोला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

साहेबांना रेचा चालवता येत नव्हता. म्हणजे अजिबात नाही. मूठ भरून कापूस घालत, रुळ अडकत, मिस्त्री धावत येई. तासाभरात ते भुवयांपर्यंत पांढरे झाले. बाया हसून हसून वाकल्या. गोदावरी आपल्या जागेवरून ओरडली, "सायेब, भाकरीचं पीठ नाही थे! हलक्या हातानं जाऊ द्या!" साहेब म्हणाले, "हाव माय," नि पुन्हा मूठ घातली.

दुपारी छोटा शेठ आला. पाहतच राहिला. "साहेब, हा काय तमाशा आहे?"

"तमाशा नाही, काम करतोय."

"तुम्ही मॅनेजर आहात."

"फळ्यावर लिहिलं आहे, रेच्यावर बसेल त्याला नियम लागू. मी रेच्यावर बसलोय."

छोट्या शेठचे कान लाल झाले. सगळ्या बाया ऐकत होत्या. माघार घ्यायला वाव नव्हता. तो म्हणाला, "ठीक आहे. मग नियम म्हणजे नियम. शेवटचे आलात तर सोमवारी तुम्हीही येऊ नका."

तो गेला आणि हसणं बंद पडलं. तोवर बायांना ती साहेबांची एक लहर वाटत होती. आता उमगलं की हा माणूस खरंच चालला. साहेबांच्या बाजूची रुई पाहिली तर एखाद्या उशीत मावेल एवढी.

जेवणाच्या सुट्टीत गोदावरी उठून बायांच्या घोळक्यात जाऊन बसली. लुगडं जिंकल्यापासून तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. तिनं आपला ठेचा मधे सरकवला नि काहीतरी बोलायला लागली. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू हजेरीवाली हायेस. तू तिकडं पाह्य." मी चिडून निघून आले. मला वाटलं, आणखी काही भांडण उकरतेय ही बया.

सुट्टीनंतर बायांना भारी तहान लागायला लागली. एकेक उठायची, पाण्याला जायची, परतायची. रेच्यावर बसणाऱ्याला आपली रुई दिसत नाही, ती यंत्राच्या पलीकडे पडते. साहेबांची मान खाली, लक्ष रुळांत. आणि पाण्याहून परतणारी प्रत्येक बाई आपल्या ढिगातली कवळभर रुई पदराआड धरून सुभद्राच्या रेच्यामागे टाकत होती. मी पाहिलं. मुकादमानंही पाहिलं. तो माणूस एरवी शिंकलं तरी ओरडायचा; त्या दुपारी त्यानं शेडकडे पाठ करून जी तंबाखू मळायला घेतली, ती भोंगा होईपर्यंत मळतच होता.

संध्याकाळी काटा लागला. छोटा शेठ स्वतः उभा. एकेक ढीग आला, मी फळ्यावर लिहीत गेले. सुभद्राच्या रेच्याचा ढीग काट्यावर चढवायला दोन गडी लागले. तो पहिला आला! छोटा शेठ ढिगाकडे पाहतो, साहेबांकडे पाहतो, पुन्हा ढिगाकडे. आणि साहेब? ते त्याच्याहून जास्त गोंधळलेले. मग त्यांना कळलं, आणि ते संतापले. असं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"खोटं आहे हे! ही रुई माझी नाही. काट्यावर खोटं चालणार नाही. शेठ, मला शेवटी लिहा." आणि ते ढिगातून आपली रुई वेगळी करायला वाकले. आता रुईतून रुई कशी वेगळी काढणार? पांढऱ्यात पांढरं! ते तसेच दोन्ही हात ढिगात घालून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहतंय. "हे काऊन केलं तुमी? मी ठरवून बसलो होतो!"

गोदावरी पुढे आली. तिचं नाव त्या दिवशी सर्वांत खाली होतं. जिनातली सर्वांत चपळ बाई, आणि तिच्या ढिगात काही उरलंच नव्हतं.

"सायेब, तुमी खोटं नाही बोलत, मले मालूम हाय. रुई तुमची नाहीच. सुभद्राच्या रेच्याची हाय. तिच्या रेच्यामांगं पडली तं तिचीच ना?" मग ती छोट्या शेठकडे वळली. "शेठ, रुई आमी काढली, आमच्या हातानं. थे कोनाच्या ढिगात टाकायची नाही, असं फळ्यावर कोठी लिवलं हाय? लिवलं असन तं दाखवा. नसन तं लुगडं सुभद्राले द्या. अन् शेवटची मी हाय. मले काढा. सोमवारी येत नाही मी."

गोदावरीला काढलं तर जिनाचं काय होईल, हे कळण्याइतका छोटा शेठ शहाणा होता. पण मला अजूनही वाटतं, तो तेवढ्यासाठी थांबला नाही. तो बायांचे ढीग पाहत होता. सगळी रुई एकत्र धरली तर गेल्या शनिवारपेक्षा कमी नव्हती, आणि फुटक्या सरकीचा एक ठिपका तिच्यात नव्हता. त्यानं चिमूटभर रुई उचलली, बोटांत ओढून पाहिली. पहिल्यांदाच पाहत असावा.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पुसून टाका."

मी फडकं शोधायला थांबलेच नाही, पदरानं पुसला. चांगलं धुवट पातळ होतं, पार वाया गेलं. तरी पुसताना मला वाटत होतं, हा फळा आणखी मोठा असता तर बरं झालं असतं.

रविवारी साहेब माझ्या घरी आले, सायकल हाताशी धरून. कॅरिअरवर छोट्या शेठनं दिलेलं, कागदात गुंडाळलेलं लुगडं. परक्या बाईच्या दारात एकट्यानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून मला सोबत नेलं. सुभद्रा गावाच्या टोकाला राहायची. ती बाहेर आली, हाताला पीठ. आम्हाला पाहून घाबरली. आणखी काय चुकलं असं तिला वाटलं असावं. साहेबांनी लुगडं पुढे केलं नि म्हणाले, "तुह्या रेच्याचा पयला नंबर आला, माय."

"मी तं नोती," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. गोदावरीचं सांगितलं, पदराआडच्या रुईचं सांगितलं. ती ऐकत राहिली. आतून नवऱ्याचा खोकला येत होता. माझं संपल्यावर तिनं पिठाचा हात लुगड्याला लागू नये म्हणून ते कोपरानं ओट्यावर सरकवलं आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. साहेबांकडे पाहत तिनं विचारलं, "म्हनजे... उद्या भोंग्याले येऊ का मी?"

दिवसभर लोकांना प्रश्न विचारत हिंडणारा तो माणूस. उत्तर म्हणून त्यानं खिशातली एक सरकी काढली नि तिच्यासमोर फेकून दिली. मी म्हणाले, "ये वं माय. ये."